आरोपीची मनोवस्था आणि न्यायदान



खटल्याच्या आरंभी आरोप वाचून दाखविल्यावर न्यायाधीश आरोपीस विचारतात, "गुन्हा कबूल आहे काय?" हा प्रश्नच ज्याला उमगत नाही, आपला वकील कोण आणि साक्षीदार काय सांगतो आहे याचे ज्याला भान नाही, तो देहाने पिंजऱ्यात उभा असला तरी खऱ्या अर्थाने न्यायालयात हजर नसतो. अशा माणसाला शिक्षा ठोठावणे हे न्यायास शोभणारे नाही.

म्हणूनच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ३६७ व पुढील कलमांत कायम राहिली आहे. आरोपी मनोविकल असल्याने स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, असे मानण्यास कारण दिसल्यास दंडाधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकाकडून किंवा शासनाने नेमलेल्या अन्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडून त्याची तपासणी करवितात व त्या डॉक्टरांची साक्ष लेखी नोंदवितात. मनोविकलता आढळल्यास प्रकरण शासकीय रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांचे मत आरोपीस मान्य नसेल, तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. अंतिम निर्णय मात्र न्यायालयाचाच असतो.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. कृत्य करतेवेळी आरोपीचे मन ठिकाणावर होते काय, हा प्रश्न वेगळा. त्याचा विचार भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली होतो. बचावाच्या पात्रतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला एवढेच सांगावयाचे असते की, हा माणूस आज खटला समजू शकतो काय. आणि 'आज' या शब्दातच सारे मर्म आहे. उपचाराने मन सावरते. म्हणून हा प्रश्न पुनःपुन्हा विचारावा लागतो.

तो विचारला गेला नाही तर काय होते? आसाममध्ये १९५१ साली अटक झालेल्या एका ग्रामस्थास तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठविण्यात आले. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळविले, तरीही त्याची सुटका झाली नाही. तो बाहेर आला २००५ साली. तब्बल ५४ वर्षे गेली, आणि खटला कधी चाललाच नाही! डॉक्टरांनी आपले काम केले होते. कागद मात्र पुढे सरकला नाही.

या बाबतीत गावाचाही वाटा आहे. रुग्णालयात ठेवण्याची गरज नसलेल्या आरोपीस कलम ३६९ अन्वये जामिनावर सोडता येते. मात्र त्याच्यावर नियमित उपचार करविण्याची व त्याच्या हातून कोणास इजा होऊ न देण्याची हमी नातलगाने अथवा मित्राने द्यावी लागते. असा नातलग शोधून त्याला धीर देणे सरपंचांना, शिक्षकांना सहज शक्य आहे. आपल्या गावचा असा कोणी माणूस रुग्णालयात वा कारागृहात असेल, तर त्याची चौकशी करीत राहा. ज्याची कोणी विचारपूस करतो, तो माणूस कागदपत्रांत हरवत नाही.