संशोधनपर निबंधाची घडण

महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यास निबंधाचा विषय विचारला, तर तो बहुधा "महाभारत" किंवा "मराठेशाहींतील व्यापार" असें भारदस्त उत्तर देतो. घरांतील वडील मंडळी तें ऐकून संतुष्ट होतात. मार्गदर्शक मात्र होत नाहीं. शोध कोठें घ्यावयाचा एवढेंच या उत्तरानें कळतें. काय शोधावयाचें, तें अद्याप ठरलेलें नसतें. मग वर्षभर ग्रंथालयांत वह्या भरतात आणि लिहिण्याची वेळ आली म्हणजे त्यांतील मजकूर एकामागून एक उतरविला जातो. अशा निबंधांत चूक एकही नसते आणि नवेंही कांहीं नसतें.

याच "महाभारत" शब्दांतून एक नेमका प्रश्न कसा निघाला, हें पाहण्यासारखें आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें हातीं घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें प्रमुख संपादकत्व १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे आलें. ते केंब्रिजला गणित शिकलेले. पुढें बर्लिनला जाऊन संस्कृत विद्येकडे वळले. सुमारें साठ हस्तलिखितांतील पाठ ताडून सिद्ध केलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें.

या पर्वाच्या आरंभींच एक चमत्कारिक गोष्ट आहे. ग्रंथ भरतवंशाचा. नैमिषारण्यांत सूत आलेला, ऋषि कथा ऐकावयास बसलेले. परंतु यजमान शौनक प्रथम विचारतो तो भृगूंचा वंश! कौरवपांडव बाजूस राहतात आणि पुलोमा, च्यवन, रुरु व प्रमद्वरा यांच्या कथा सुरू होतात. शौनक स्वतः भार्गव, हें खरें. पण तेवढ्यानें समाधान होत नाहीं, कारण भार्गव पुढेंही ठायीं ठायीं भेटत राहतात. भरतांच्या इतिहासांत भृगूंना इतकी जागा कां? सुखठणकरांनीं १९३६ सालीं लिहिलेला "भृगु आणि भारत" या अर्थाच्या नांवाचा इंग्रजी निबंध या एका प्रश्नावर उभा आहे.

सुमारें पाऊणशें पानांच्या त्या निबंधाची आंखणी साधी आहे. त्यांत पर्वें क्रमानें घेऊन प्रत्येकांतील भार्गवांचे उल्लेख पुढें ठेविले आहेत. आदिपर्वांत और्व आणि शुक्र, वनपर्वांत च्यवन व सुकन्या आणि कार्तवीर्य, उद्योगपर्वांत अंबेची कथा, आश्वमेधिकांत उत्तंक. परशुरामानें एकवीस वेळां पृथ्वी निःक्षत्रिय केल्याचें तर पुनःपुन्हा येतें. गंमत अशी, कीं आदिपर्वच त्याला त्रेता आणि द्वापर यांच्या संधींत बसवितें, आणि तोच भीष्मद्रोणांचा व कर्णाचा गुरु म्हणून कलीच्या उंबरठ्यावर उभा राहतो!

हा क्रम वाचकास थोडा कंटाळवाणा वाटतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. वकिलानें मांडणी केली असती तर सर्वांत जोरदार पुरावा आधीं आला असता आणि दुबळा गाळला गेला असता. परंतु पर्वक्रमानें जाणाऱ्यास गाळतां येत नाहीं. जेथें भार्गव नाहींत तेंही दिसून येतें. नवशिक्या संशोधकानें आपलीं टिपणें याच रीतीनें ठेवावींत. प्रत्येक उल्लेखास निराळी चिठ्ठी, तिच्यावर पर्व, अध्याय, श्लोक. आणि आपल्या मताविरुद्ध जाणाऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा वेगळा, सहज हातीं लागेल असा. प्रस्तावना सर्वांच्या शेवटीं लिहिलेली बरी, कारण निबंधांत काय सांपडलें हें ठाऊक होण्यापूर्वीं लिहिलेली प्रस्तावना पुढें सगळ्या लेखनाला आपल्या मागें ओढूं लागते.

पुरावा संपल्यावरच निष्कर्ष येतो. चोवीस हजार श्लोकांच्या भारताचें महाभारत होतांना भार्गवांचा प्रबळ हात लागला असावा, असें सुखठणकरांचें अनुमान. ग्रंथांत धर्म आणि नीति यांचा एवढा विस्तार कां, याचीही संगति ते याच अनुमानानें लावतात. मनुस्मृति भृगूच्या तोंडीं आहे आणि नीतिशास्त्राशीं शुक्राचें नांव निगडित आहे. चिकित्सित आवृत्तीचीं बहुतेक पर्वें त्या वेळीं छापून व्हावयाचीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे अनुमानाला अनुमानच ठेवण्याची गरज कळते. सगळी आवृत्ति १९६६ सालीं पूर्ण झाली. सुखठणकर १९४३ सालींच निवर्तले होते.

त्याच सुमारास एन. जे. शेंडे यांनीं महाभारताच्या कर्तृत्वाचा प्रश्न पुन्हा हातीं घेतला. भृगूंचे उल्लेख मोजावयाचे तर आंगिरसांचेही मोजावयास हवेत, असा त्यांचा रोख होता. आणि मोजल्यावर आंगिरसही ठळकपणें पुढें आले. पुढें अमेरिकेंत रॉबर्ट गोल्डमन यांनीं १९७७ सालीं भृगुकथांवर सबंध ग्रंथ लिहिला, तर आल्फ हिल्टेबायटल यांनीं भार्गवांनीं ग्रंथ आपल्या हातीं घेतला ही कल्पनाच अमान्य केली. वाद मिटलेला नाहीं. सुखठणकरांशीं ज्याचें पटत नाहीं त्यालाही प्रथम त्यांचे स्थलनिर्देश घेऊन पर्वामागून पर्व उलगडावें लागतें, आणि ते निर्देश निबंधांत जागच्या जागीं आहेत.