किलोचा भाव नको, दिवसाचा हिशोब विचारू

 

आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या बचत गटांसोबत काम करतो. महिन्याच्या बैठकीत बचत जमा होते, कर्जाचे हप्ते लिहिले जातात आणि मग बाया मनातलं बोलायला लागतात. दसऱ्यानंतर कापूस फुटला की बोलणं फिरून फिरून मजुरीवरच येतं.

2025-26 च्या हंगामात एका बैठकीत आमच्या एका सभासदाचा हप्ता कमी पडला. काय झालं विचारलं तर म्हणाली, "रोज वेचाले जातो बाई, पण हाती काही लागत नाही." किती किलो वेचलं, ते तिला सांगता येईना. सगळा हिशोब मुकादमाच्या वहीत. काट्यावर साडेअठरा किलो आलं की तो अठरा लिहायचा. वरून ओल आहे म्हणून आणखी एक किलो कापायचा. दिवसातून दोनदा वजन, म्हणून दोनदा कपात. म्हणजे दिवसाचे तीन किलो नुसते काट्यावरच गेले!

मग आम्ही ठरवलं, आपली वही आपण ठेवायची. बारा जणींनी हंगामभर रोज चार गोष्टी लिहिल्या. वावरात किती वाजता पोचलो, किती वाजता सुटलो, किती किलो वेचलं आणि किती पैसे मिळाले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या लेकींनी रात्री लिहून दिलं.

संक्रांतीला वह्या उघडून बसलो तेव्हा आम्हालाच नवल वाटलं. भाव हंगामभर दहा रुपये किलोच होता. पहिल्या वेच्याला पऱ्हाटी पांढरीफेक असते. तेव्हा चाळीस किलो वेचणाऱ्या बाईला चारशे रुपये मिळाले. तिसऱ्या वेच्याला तीच बाई, तेच तास, तेच वाकणं. पण बोंडं विरळ, वाळलेल्या नखांनी बोटं रक्ताळलेली, आणि कापूस भरला सोळा किलो. हाती आले एकशे साठ. मुकादम म्हणतो, भाव तर तोच दिला. भाव तोच होता, पण बाईचा दिवस अर्ध्याहून खाली आला होता.

बायांनो, हे दुखणं आपल्या जिल्ह्यात आजचं नाही. 1935 साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. तेव्हा सूत कातणाऱ्या बायांना सुताच्या मापावर पैसे मिळत. दिवसभर कातूनही हाती फार थोडं येई. गांधीजींनी प्रश्न असा मांडला की आठ तास मन लावून काम करणाऱ्याला, बाई असो की पुरुष, किमान आठ आणे मिळायला हवेत. खादी महाग होईल, कोणी घेणार नाही, असं खादीचंच काम करणारे म्हणाले. तरी त्याच वर्षी चरखा संघानं ठराव केला की आठ तासांच्या कामाची मजुरी इतकी असावी की त्यात पोटभर सकस अन्न आणि वर्षाला वीस वार कापड भागावं. आठ आणे काही लगेच हाती आले नाहीत. पण सुताच्या मापाऐवजी माणसाच्या दिवसाचा हिशोब सुरू झाला.

कायदाही हेच सांगतो. 1948 च्या किमान वेतन कायद्यात शेतमजुरी येत होती. नगावर किंवा किलोवर काम असलं तरी पूर्ण दिवसाची कमाई सरकारनं ठरवलेल्या किमान रोजाखाली जाऊ नये. 1976 च्या कायद्यानं सारख्या कामाला बाई-पुरुषाला सारखा मोबदला ठरवला. हे कायदे आता 2019 च्या वेतन संहितेत एकत्र केले आहेत. खत टाकायला गडी आणि बाई एकाच वावरात सोबत चालतात, तरी गड्याचा रोज जास्त का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता अवघड गोष्ट. मजुरी देणारा दरवेळी परका नसतो. आमच्या गटातल्या चार जणींची स्वतःची दोन-तीन एकर आहे. त्यांच्याच वावरात बाकीच्या वेचायला जातात. म्हणजे मालकीण आणि मजूर एकाच सतरंजीवर! वह्या वाचल्या तेव्हा त्यांतली एक चिडली. म्हणाली, "मलेच भाव भेटत नाही, तं तुमाले कोठून देऊ?" तिचंही खोटं नव्हतं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी 8,110 रुपये क्विंटल होता. पण ओलावा बारा टक्क्यांवर गेला तर सीसीआय कापूस घेत नाही, मग व्यापारी देईल तो भाव. बियाणं, खत, फवारणी त्यातूनच.

दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं. पहिल्या वेच्याला दहा, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला पंधरा रुपये किलो. वजन सगळ्यांसमोर, अर्धा किलोही लिहायचा, ओलीची कपात नाही. पैसे बाजाराच्या आदल्या दिवशी. सोळा किलोचे आता दोनशे चाळीस होतात. हेही पुरेसं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. एका मालकिणीनं तर हे मान्यच केलं नाही, तिनं गट सोडला. त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

मुकादमाकडे आम्ही सगळ्या मिळून गेलो. त्यानं आमच्या बायांना आठ दिवस ऑटोत घेतलं नाही. ते आठ दिवस गटाच्या अंतर्गत कर्जावर किराणा चालला. नंतर बोलावणं आलं. भाव त्यानं वाढवला नाही, पण अर्धा किलो आता वहीत येतो.

तुमच्या गटात एवढं करा. प्रत्येकीची वही सुरू करा. काट्यावर आधी किराणा दुकानातून पाच किलोची सीलबंद पिशवी आणून ठेवा, काटा खरा की खोटा ते कळेल. भाव ठरवताना विचारा, आठ तासांनी हाती किती येईल? आणि मागायला एकटीनं जाऊ नका. कोणी कायदा मोडतच असेल तर वह्या घेऊन वर्ध्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणि गटात ज्यांचं वावर आहे त्यांना एक विनंती. सांजच्याला काट्यापाशी उभ्या राहाल तेव्हा समोरची बाई उद्या बैठकीत आपल्या शेजारी बसणार आहे, एवढं आठवा.

पुढच्या वेळी वही कशी आखायची ते सांगू. तोवर रामराम.