एकदंताच्या मांडवात दातांविषयी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव वाचून मी रेल्वेवर बोलणार असे बऱ्याच जणांना वाटले असेल. विषय दातांचा आहे. मी डॉक्टर नाही, डिप्लोमा करून रुळांच्या देखभालीत नोकरी काढणारा माणूस आहे. तरी हा विषय का घेतला ते पुढे येईलच. आपला बाप्पाही एकदंत, तेव्हा तो समजून घेईल.

आपण रोज सियालदहला उतरतो आणि मौलालीकडे चालू लागतो. त्या वाटेवर डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय आहे. भारतातले हे पहिले दंत महाविद्यालय, स्थापना १९२०. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवा येथे शिकून आले आणि त्यांनी ते स्वतःच्या हिमतीवर सुरू केले. खर्च भागवण्यासाठी त्यांनी याच शहरात सोडा फाउंटनचे दुकान चालवले होते म्हणतात. लोकांना आईसक्रीम विकून त्या पैशातून दातांचे डॉक्टर तयार करायचे, म्हणजे दोन्हीकडून व्यवस्था चोख! मुंबईच्या फातिमा जिना याच कॉलेजात शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला. पुढे १९४९ मध्ये डॉ. अहमदांनी कॉलेज सरकारच्या स्वाधीन केले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळतात.

शंभर वर्षांपूर्वी इतकी चांगली सुरुवात झाली, पण देशाचे दात काय म्हणतात? २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. जगाचेही काही बरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे.

इथे लगेच कोणीतरी रसगुल्ल्याकडे बोट दाखवेल. पण जेवणावर एक रसगुल्ला खाल्ल्याने जेवढे बिघडत नाही, तेवढे दर तासाला गोड चहाचे भांडे तोंडाला लावल्याने बिघडते. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, ते दाताच्या वरच्या थरातली खनिजे काढून घेते आणि मग लाळ हळूहळू ती भरपाई करते. लाळेला त्यासाठी वेळच दिला नाही तर दात उघडा पडतो. आमच्या नाइट ड्यूटीवाल्यांचे दात पाहा. रात्री घासायचे तर राहूनच जाते, कारण रात्र संपतच नाही.

तंबाखूचेही आपल्याकडे जुने नाते आहे. माझी आजी साताऱ्याकडची. सकाळी चुलीजवळ बसून मिसरी लावायची आणि तिला ते दात घासणेच वाटायचे. इथे बंगालमध्ये गुडाखू आणि गुल तसेच वापरतात. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण सवय कायद्याला विचारत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत २१.४ टक्के प्रौढ व्यक्ती बिनधुराचा तंबाखू घेत होत्या.

आता माझे. मी तंबाखूला कधी हात लावला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. फक्त सुपारी. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री ब्लॉक घेऊन काम करताना झोप येऊ नये म्हणून गोड सुपारीची पुडी सुरू झाली, ती पंधरा वर्षे चालली. तिखट लागले की तोंडाची आग व्हायची, ते मी वयावर ढकलले. पुढे २०१८ च्या पूजेत एका सहकाऱ्याने आग्रहाने मोठी फुचका पुढे केली. "दादा, पूर्ण हा करो ना!" तोंड उघडेना. मी हसून वेळ मारून नेली. रात्री आरशासमोर उभे राहून पाहिले. तीन बोटे उभी आत जायला हवीत, माझी जेमतेम दोन गेली.

डॉक्टरांनी नाव सांगितले सबम्युकस फायब्रोसिस. हे नाव रूढ होण्यात मुंबईच्या डॉ. जोशी यांच्या १९५३ च्या लेखाचा वाटा आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या कातडीखाली तंतू साठतात आणि ते मोडतही नाहीत. रुळाखालचे रबर पॅड जुने होऊन कडक झाले की दाबले जात नाही, तसाच गाल ताणला जात नाही. पॅड आम्ही बदलतो. गालाला ती सोय नाही. सुपारी सोडली तर पुढची वाढ थांबू शकते, झालेले मात्र पूर्ववत होत नाही, आणि काहींच्या बाबतीत त्याचा कर्करोग होतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात नोंदवले. मी त्या दिवशी पुडी टाकली. आज अडीच बोटांवर आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी चालू आहे.

हावडा पुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००७ ते २०१० या काळात हँगरच्या तळाशी असलेल्या पोलादी आवरणांची जाडी पानाच्या पिचकाऱ्यांमुळे ६ मिलिमीटरवरून निम्म्यावर आली, असे तपासणीत दिसले. शेवटी तिथे फायबरग्लासची वेष्टने बसवावी लागली. पोलादाला वेष्टन चढवता येते म्हणून पूल सुटला.

कोणी म्हणेल, सुपारीवाचून आपले चालते का? मूर्ती नसेल तर आपण सुपारीचाच गणपती मांडतो. लग्न ठरले की सुपारी फुटते, पाहुणा आला की पानसुपारी. हे सारे मला मान्य आहे आणि माझ्याही घरी चौरंगावर सुपारी असतेच. पण देवापुढची सुपारी आपण खात नाही, विसर्जन करतो.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. महाप्रसादाच्या पंगतीनंतर दाराशी मसाला सुपारीचे ताट ठेवतो, त्यात सगळ्यात आधी हात घालतात ती दहा-बारा वर्षांची मुले. गेल्या वर्षी मी मुद्दाम तिथे उभा राहून पाहिले. यंदा त्या ताटात भाजलेली बडीशेप आणि खडीसाखर ठेवूया. खडीसाखरेवरून मला कोणी बोलेल, ते मी ऐकून घेईन. बडीशेपेचा खर्च माझ्याकडे. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आरशासमोर तीन बोटांचा प्रयोग करून बघा. कोणाची दोन गेली तर सोमवारी माझ्याबरोबर मौलालीला चला, माझी तपासणी त्याच दिवशी आहे.