पोशाख मुलांचा, सुई आपली



आमच्या गोव्यात ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधी शनिवार ते मंगळवार कार्निव्हल असतो. किंग मोमोची मिरवणूक निघते, चित्ररथ येतात. त्यासाठी आमच्या गटातल्या आम्ही बायका प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर पोशाख करायला बसतो.

पोशाख भाड्याने आणायचा म्हटले, की ज्या घरात पैसे नाहीत ते मूल रस्त्याच्या कडेला उभे राहून बघते. म्हणून आम्ही घरातलेच सामान वापरतो. जुन्या साड्या, पुठ्ठे, नारळाच्या झावळ्या, रद्दी आणि मैद्याची खळ.

आधी प्रत्येक मूल आपले चित्र काढते. कुणाला काजूचे बोंड व्हायचे असते, कुणाला खेकडा. आम्ही विचारतो, "खेकड्याला पाय किती?" नांग्या धरून दहा. मुलेच हिशेब करतात: आपले दोन हात, दोन पाय, उरले सहा. मग जुन्या मोज्यांत चिंध्या भरून ते सहा पाय तयार होतात.

आम्ही तीन गोष्टी मात्र बघतो. मुखवट्याने डोळे, नाक झाकू नये. तो कपाळावर बांधावा. उन्हात चालायचे असते, म्हणून आत सुती कपडा हवा. आणि नाड्या पुढे हव्यात, लघवीला जाताना मुलाला स्वतः सोडता याव्यात. नाहीतर मुले पाणीच पीत नाहीत.

तुमच्या शाळेत स्नेहसंमेलन असेल, तर पोशाख ठरवण्याआधी मुलांच्या हातात कागद-पेन्सिल द्या.