पाळण्याआधीचे दिवस

नोकरदार स्त्रीच्या मातृत्वाचा हिशेब भारतीय कायदा बाळंतपणाच्या तारखेवरून मांडतो. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात सारे काही त्या तारखेभोवती फिरत असे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, प्रसूतीपूर्वी फार तर आठ आठवडे रजा घ्यावी, गर्भपात झाल्यास सहा आठवडे मिळावेत. २०१७ च्या दुरुस्तीने दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या स्त्रीची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली. ही सुधारणा मोठीच होती. पण मूल उपचाराने, सरोगसीने किंवा दत्तकविधानाने येणार असेल, तर त्या घराची ओढाताण तारीख ठरण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मालकाच्या सवलती मात्र बहुधा पाळणा हलल्यावरच जाग्या होतात.

वंध्यत्वावरील उपचारांत हे सर्वांत उघड दिसते. आयव्हीएफच्या एका सायकलमध्ये आठ ते चौदा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजे काढणे, तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडणे (ट्रान्सफर) आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणी असा क्रम असतो. बीजे काढण्याचा दिवस कॅलेंडर ठरवत नाही, सोनोग्राफीत दिसणारी वाढ ठरवते. त्यामुळे पंधरा दिवस आधी अर्ज भरून घ्यायची रजा इथे कुचकामी ठरते. गरज असते ती दोन-तीन तास उशिरा येण्याच्या मुभेची आणि आयत्या वेळी मिळणाऱ्या दोन-चार दिवसांची. कार्यालयात ‘ट्रान्सफर आहे’ म्हटले की सहकाऱ्यांना बदली आठवते. उपचार घेणारी स्त्री हा घोटाळा दूर करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. सायकल फेल गेली, तर गर्भ राहिलाच नाही म्हणून गर्भपाताची रजाही लागू होत नाही. कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते.

पैशाची बाजू याहून अवघड आहे. शास्त्रीय नोंद असलेली भारतातील पहिली टेस्ट-ट्यूब बेबी म्हणून बराच काळ ओळखली गेलेली मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मली. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच हे साधले होते. त्यांना मान्यता मिळाली ती मृत्यूनंतर. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय. पुढे हा उपचार फोफावला तो मात्र मुख्यतः खासगी दवाखान्यांत आणि जोडप्यांच्या खिशातून. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. त्या यादीत सतरावा अपवाद वंध्यत्वाचा आहे. आयव्हीएफ आणि सरोगसी त्यात नावानिशी येतात. अठरावा बाळंतपणाचा. कंपन्या समूह विमा घेताना अठराव्या अपवादावर तोडगा काढतात, ठरावीक मर्यादेपर्यंत बाळंतपणाचा खर्च पदरात पाडून घेतात. सतरावा तसाच राहतो, कारण नूतनीकरणाच्या वेळी त्याबद्दल कोणी विचारत नाही.

परदेशातील उदाहरणे देताना जपून राहावे लागते. २०१४ मध्ये फेसबुक आणि ॲपल यांनी स्त्रीबीज गोठवण्याचा खर्च २०,००० डॉलरपर्यंत देऊ केला, तेव्हा मूल लांबणीवर टाकण्याची ही लाच आहे का, असा सवाल झाला आणि तो गैरलागू नव्हता. जपानने वेगळी वाट धरली. एप्रिल २०२२ पासून तिथे आयव्हीएफ सार्वजनिक विम्यात आले. उपचाराच्या वेळी स्त्री चाळिशीच्या आतली असेल तर सहा वेळा आणि ४० ते ४२ वयात तीन वेळा. कोणाला किती, हे वयानुसार स्पष्ट लिहिल्यामुळे साहेबाच्या मर्जीला वाव उरला नाही.

सरोगसीत परदेशी धोरणाची नक्कल करणे अंगाशी येऊ शकते. सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याने केवळ परोपकारी सरोगसीला परवानगी दिली. वैद्यकीय खर्च, विहित केलेले इतर खर्च आणि सरोगेट मातेचा ३६ महिन्यांचा विमा यांपलीकडे मोबदला देता येत नाही. व्यापारी सरोगसी चालवणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘सरोगसी पॅकेज’ अशी ढोबळ रक्कम देणे धोक्याचे. दवाखान्याची बिले आणि विम्याचा हप्ता एवढ्यापुरतीच भरपाई ठेवणे योग्य.

रजेच्या बाबतीत न्यायालये कायद्याच्या पुढे गेली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सरोगसीने आई झालेल्या एका प्राध्यापिकेचा मातृत्व रजेचा हक्क मान्य केला. तरीही २०१७ च्या दुरुस्तीने अशा आईला, मूल हाती आल्यापासून, १२ आठवडेच दिले. केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम बदलून मूल मागणारी आई आणि सरोगेट माता या दोघींना १८० दिवस आणि वडिलांना १५ दिवस रजा दिली. खासगी क्षेत्राच्या कायद्यात वडिलांचा उल्लेखच नाही.

दत्तक घेणाऱ्या आईची कथा तर विलक्षण आहे. २०१७ च्या दुरुस्तीने तिलाही १२ आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतले हवे, ही अट घालून. आता बालन्याय अधिनियम, २०१५ शेजारी ठेवावा. मूल स्वेच्छेने सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने असतात. टाकून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर त्याला दत्तकासाठी मोकळे ठरवायला दोन महिने, मोठ्याला चार महिने. त्यानंतर वैद्यकीय अहवाल, प्रतीक्षायादीतील पालकांना विचारणा, त्यांची संमती. इतके सारे होईपर्यंत तान्हे मूल तीन महिने ओलांडते. एका कायद्याने रजा दिली आणि दुसऱ्याच्या कालगणनेने ती बहुतेकींच्या हातून निसटली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही अट तशीच उचलली. ती सर्वोच्च न्यायालयात आव्हानाला गेली. मुळात या अटीमागचा समज चुकीचा आहे. पाच-सहा वर्षांचे मूल संस्थेतून घरात येते तेव्हा त्याला आईवडिलांचा सहवास तान्ह्यापेक्षा कमी लागत नाही. नव्या घरात झोपायलाही त्याला शिकावे लागते.

दत्तकविधानात खर्च तुलनेने थोडा. इथे कमी पडतात ते दिवस. काही वर्षे वाट पाहिल्यावर एके दिवशी अचानक निरोप येतो आणि थोड्या दिवसांत मूल घरी आणायचे असते. पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी संस्थेची पाहणी असते. त्या दिवसांची मोकळीक नियमात लिहिलेली बरी.

या सर्वांचा भार एकट्या मालकाने का उचलावा, हा प्रश्न लहान उद्योजक विचारतात आणि तो रास्त आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या कराराचे सूत्र हेच, की मातृत्वाचा खर्च एकेकट्या मालकावर पडू नये; भारताने तो स्वीकारलेला नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांचा मातृत्व लाभ निधीतून जातो. त्यावरच्या वेतनाला भार थेट मालकावर येतो आणि काही ठिकाणी त्याची परिणती स्त्रियांना नोकरीच न देण्यात होते. तरीही रजेचे नियम सैल करायला फारसा पैसा लागत नाही. गोपनीयतेला तर मुळीच नाही: उपचारांची बिले थेट विमा कंपनीकडे जावीत, वरिष्ठाच्या टेबलावरून नव्हे.

कायद्याने ठरवलेले दिवस ही किमान मर्यादा आहे. त्याहून अधिक देण्यास कोणतेही कलम आड येत नाही. कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी दोन कागद काढावेत. समूह विम्याच्या करारातील सतराव्या अपवादाबद्दल विमा कंपनीला लेखी विचारावे, आणि रजेच्या नियमावलीत ‘तीन महिन्यांच्या आतले मूल’ असे शब्द असतील तर ते खोडावेत.