कर्मभूमीतील माणूस



खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांबरोबर अवजारांचीही पूजा होते. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, गवयाचा तानपुरा, लेखकाची लेखणी यांना त्या दिवशी गंध-फूल वाहिले जाते. ज्या साधनाने माणूस काही घडवितो, ते साधन त्याच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग असते, ही या पूजेमागील श्रद्धा. कलावंताचे छायाचित्र त्याच्या कामाच्या जागीच घ्यावे, असा आग्रह धरणारी एक छायाचित्र-परंपरा जगात आहे. आपल्या या श्रद्धेशी तिचे नाते सहज जुळते.

पाश्चात्य जगात या परंपरेशी अर्नोल्ड न्यूमन या अमेरिकन छायाचित्रकाराचे नाव जोडले जाते. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचे त्यांनी १९४६ साली घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. चौकटीचा बहुतेक भाग पियानोच्या उघड्या काळ्या झाकणाने व्यापलेला आहे आणि संगीतकार खाली एका कोपऱ्यात बसला आहे. झाकणाचा आकार पाश्चात्य स्वरलिपीतील कोमल स्वराच्या चिन्हाची आठवण करून देतो. ज्या मासिकासाठी ते काढले, त्या मासिकाने ते नाकारले. काळाने मात्र ते स्वीकारले. गंमत अशी की, तो पियानो स्ट्राविन्स्की यांच्या घरचा नव्हता. म्हणजे जागा महत्त्वाची असली, तरी त्या जागेतून माणसाच्या कार्याचा अर्थ प्रकट होणे अधिक महत्त्वाचे.

त्याच वर्षी, १९४६ मध्ये, मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार गांधीजींचे चरख्याजवळचे छायाचित्र घेण्यास आल्या. आधी चरखा चालवायला शिका, मग छायाचित्र घ्या, अशी अट त्यांना घालण्यात आली. ही अट लहरीपणाची वाटेल. पण तिच्यात या कलेचे मर्म आहे. ज्याला काम कळत नाही, त्याला काम करणारा कसा कळणार? त्या छायाचित्रात चरखा अग्रभागी आहे आणि गांधीजी त्याच्या मागे वाचनात गढलेले आहेत.

आपल्याकडील उदाहरण पाहायचे तर कोलकात्याचे निमाई घोष यांचे पाहावे. १९६८च्या सुमारास ते सत्यजित राय यांच्या चित्रीकरणस्थळी गेले आणि १९९२ मध्ये राय यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या सावलीसारखे राहिले. पटकथा लिहिणारे, वेषभूषेची रेखाटने करणारे, स्वतः कॅमेऱ्यामागे उभे राहणारे राय त्यांनी टिपले. फ्लॅशचा लखलखाट त्यांनी टाळला. मिळेल त्या प्रकाशात काम केले. एका माणसाच्या कार्यमग्नतेपुढे पाव शतक मूकपणे उभे राहणे, याला साधना याखेरीज दुसरा शब्द नाही. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनीही गावोगाव हिंडून भिंती सारवणाऱ्या, अंगणे आणि भिंती चितारणाऱ्या ग्रामीण स्त्रियांची कला कॅमेऱ्यात जपली.

आता याची दुसरी बाजू पाहू. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने भारतातील लोकांविषयी आठ खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात माणसे आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी ती अमुक जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून आहेत. राज्यकर्त्याला प्रजेची वर्गवारी हवी होती, व्यक्तीची ओळख नको होती. त्याबद्दल परकीयांना दोष देणे सोपे आहे. पण आज आपल्याच दिवाळी अंकांत आणि दिनदर्शिकांत चाकावरील कुंभाराच्या सुंदर छायाचित्राखाली काय छापलेले असते? ‘एक कुंभार’. गायकाचे नाव छापायचे आणि ज्याने तानपुरा घडविला त्याला ‘एक कारागीर’ म्हणायचे, ही साहेबाचीच दृष्टी आपण पुढे चालवीत आहोत.

आपल्या परंपरेत कलावंत अनामच राहत असे, असे यावर सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. होयसळ मंदिरांतील शिल्पांवर मल्लितम्म, दासोज अशा शिल्पींची नावे आजही वाचता येतात. स्वेच्छेने अनाम राहणे हा विनय असतो. दुसऱ्याने नाव पुसून टाकणे हा अन्याय.

मिरजेचेच उदाहरण घ्या. तेथील तंतुवाद्ये साऱ्या देशात जातात आणि ती घडविणारी शिकलगार घराणी पिढ्यान् पिढ्या या व्यवसायात आहेत. शस्त्रांना धार लावणारे हात तारांकडे वळले, ही त्यांची कथा. पंढरपूर-मंगळवेढा परिसरात पिकणारा भोपळा वाळतो, कापला जातो, त्याला लाकडी दांडी जडते. शेवटी घोडीवर जवारी काढण्याचे काम येते. कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, तार छेडतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा घासतो. अपेक्षित झंकार उमटेपर्यंत हे चालते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते, ती कोणत्याही स्टुडिओत पडद्यापुढे बसवून मिळणार नाही. ते ऐकणाऱ्या माणसाचे छायाचित्र असते.

हे काम करण्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गरज आहे ती शिस्तीची. आधी परवानगी घ्यावी. पहिल्या भेटीत केवळ बसावे, काम समजून घ्यावे. छायाचित्रासाठी खोली आवरू नये. भुसा, रंगाचे डाग, भिंतीवरचा देव्हारा, खिळ्याला टांगलेला सदरा हे सारे त्या माणसाचे चरित्रच असते. खिडकीचा तिरपा उजेड पुरेसा असतो. माणसाने कॅमेऱ्याकडे पाहून हसावे, हा हट्ट सोडावा. चेहऱ्याबरोबर हात टिपावेत. छायाचित्राखाली नाव, गाव, काम आणि वर्ष लिहावे आणि एक प्रत त्याच्या घरी आदराने पोहोचवावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात.

अलिबागजवळ सासवने येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यातील १९२८च्या अश्वारूढ शिवपुतळ्याच्या या निर्मात्याला त्याच्याच वास्तूत भेटता येते, हे आपले भाग्य. प्रत्येक कलावंताच्या वाट्याला संग्रहालय येत नाही. मुले शहरात जातात, जागा विकली जाते, अवजारे भंगारात जातात आणि शंभर वर्षांची कर्मभूमी एका दिवसात नाहीशी होते. ती वाचविणे आपल्या हाती नसेलही; तिची साक्ष ठेवणे निश्चित आपल्या हाती आहे.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने, प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावातील, आळीतील एक घडविणारा माणूस निवडावा. मूर्तिकार, विणकर, कीर्तनकार, नेपथ्यकार, कोणीही चालेल. येत्या खंडेनवमीला त्याच्या अवजारांना फूल वाहिले जाईल, तेव्हा तेथे आपणही असावे आणि त्याचे नाव विचारून लिहून घ्यावे. राष्ट्राचा इतिहास सिंहासनांवर जितका घडतो, तितकाच तो या कामाच्या जागांवर घडत असतो.