जामीन कोण राहणार?

भोर-वेल्ह्याच्या गावांतून आम्ही तुरुंगावरचं प्रदर्शन नेलं, त्याबद्दल मला बोलायला सांगितलंय. पहिली आखणी माझी होती, आणि ती फसली. काळ्या कापडाची कोठडी, गज, कुलूप, टेपवर बुटांचे आवाज. वेल्ह्यात पोरं हसत आत-बाहेर पळाली, बायका दारातूनच परतल्या. एक आजी म्हणाली, "हे शिनेमातलं झालं गं. माझी सून येरवड्यात होती. आमचं घोडं जामिनापाशी अडलं."

त्या रात्री सगळं मोडलं. मग जमिनीवर खडूनं रस्ता आखला: गाव, पोलीस ठाणं, भोरचं कोर्ट, येरवडा. येणाऱ्या प्रत्येकीला सांगायचो, आज तुम्हाला अटक झालीय, चला. कोर्टाच्या टेबलाशी आमची कार्यकर्ती विचारायची, "जामीनदार कोण? सातबारा आणलाय?" जामीनदाराला ऐपत दाखवावी लागते, आणि खेड्यात ऐपत म्हणजे बहुतेक वेळा सातबारा. बायका एकमेकींकडे बघत. शेतात जन्म गेला, पण उतारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. आणि भांडण त्यांच्याशीच असेल तर? जामीनदार नाही तिनं येरवड्याच्या चौकोनात बसायचं. भोरला एका दुपारी अर्ध्याहून जास्त बायका त्या चौकोनात दाटीवाटीनं बसल्या. कुणी ढकललं नव्हतं.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत दर चारांतले तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. वास्तविक मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच गरिबाकडे दहा हजारांचा जामीन मागणं चूक ठरवलं आणि हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे स्वतःची हमी. हा शब्द आम्ही टेबलावर मोठ्या अक्षरांत लावला. शेजारी दुसरा कागद: १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, उत्पन्न न बघता, सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. बऱ्याच जणींनी तो पाठ केला.

एक मात्र सुटलं नाही. शेजारच्या मुळशीत १९२१ ते १९२४ धरणाविरुद्ध तुरुंगात गेलेल्यांची आठवण लोक अभिमानानं काढतात. चोरीच्या, मारामारीच्या गुन्ह्यात आत गेलेल्या बाईचं नाव मात्र घरातही निघत नाही. त्या आजीनंही सुनेचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढची मांडणी नसरापूरला आहे. टेबलाशी बसायला दोघी हव्यात.